बनाबाईची साक्ष

लोहाऱ्याजवळच्या एका गावात बनाबाई रोजच्यासारखी म्हशीचं दूध घेऊन सोसायटीत गेली, तेव्हा सेक्रेटरी महालिंगप्पानं माप आत ओढून घेतलं.

"तुमच्या वस्तीचं दूध आजपासून बंद. गावानं ठरवलंय."

"काल चालत व्हतं की!"

"विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चा काढताना गावाला इचारलंतं का?"

१९७८ चा पावसाळा होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि जे शाळेची पायरी चढले नव्हते, तेही त्या नावावरून एकमेकांचे वैरी झाले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बौद्धवस्तीवर जमाव चालून आला. आपल्या छपराला पलिता लावणारा बनाबाईनं ओळखला. महालिंगप्पाचा थोरला, नागप्पा. म्हैस दाव्यालाच जळाली.

खटला उभा राहिला. गावानं तिच्या नवऱ्याला, बाबूला निरोप धाडला: साक्ष फिरवा, घरावर नवे पत्रे टाकून देतो. बाबू नरमला. "ह्याच गावात ऱ्हायचंय आपल्याला," तो म्हणाला.

तारखेच्या आदल्या दिवशी नागप्पाची आई शांताक्का आली. बहात्तरच्या दुष्काळात दोघी शेजारी बसून खडी फोडायच्या.

"बना, पोराला लोकांनी भरीला घातलं गं. सोड त्याला."

"तुला हिवताप आल्ता तवा तुझ्या वाटची खडी म्या फोडली, शांताक्का."

"म्हून तर पाया पडते."

"पडू नगंस. म्हस वरडत व्हती आन तुझा नागप्पा हसत व्हता. त्ये हसणं मला झोपू देत न्हाय. मला पत्रं नगंत. त्याला शिक्षा पायजे."

"आन आपलं दोघींचं?"

"त्येबी त्यानंच जाळलं."

उस्मानाबादच्या कोर्टात आरोपींच्या वकिलानं विचारलं, "एवढ्या धुरात चेहरा दिसला?"

"दिसला. नागप्पा व्हता. आन संगट आनखी धा जणं. लिवा सायेब, सांगते."

तिनं एकेक नाव घेतलं. मागं बसलेल्या माणसांच्या माना खाली गेल्या.

निकालात नागप्पाला तीन वर्षांची शिक्षा झाली. बाकीचे पुराव्याअभावी सुटले. बाहेर शांताक्का पायरीवर बसून रडत होती. बनाबाईचा पाय क्षणभर अडखळला, पण ती थांबली नाही.

"निवला का जीव?" बाबूनं विचारलं.

"न्हाय. धा जणं मोकळी सुटली. वरच्या कोर्टात कसं जायचं, त्ये इचारून या. म्या हितंच बसते."