वळणावरचे पांढरे दगड

मुलांनो, मनातल्या मनात जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तुमच्या हातात एक काळी सायकल आहे, तुमच्या खांद्याइतकी उंच. चाकाखाली डांबर नाही, लाल मुरूम आहे. चाक फिरतं तसा तो चुरचुरतो, जणू कोणी शेजारी बसून भाजलेले चणे खात आहे. एका बाजूला वाटाण्याची शेतं, दुसऱ्या बाजूला नाला आणि नाल्याच्या काठी बेशरमाची जांभळट फुलं. मागून ट्रक नाही, समोरून मोटार नाही. मध्येच टिटवी ओरडते, तेवढाच काय तो हॉर्न.

अशी एक वाट जबलपूरला घमापूरच्या मागून निघायची आणि शेतांमधून थेट तोफांच्या कारखान्याच्या मागच्या फाटकापाशी पोचायची. ती एवढी अरुंद होती की बैलगाडीसुद्धा तिच्यावर शिरत नसे. त्यामुळे ती सायकलींचीच वाट झाली होती.

विनता त्याच वाटेवर सायकल शिकली. बाबांची सायकल तिला मोठी पडे, म्हणून दांड्याखालून पाय घालून, अंग वाकडं करून ती चालवायची. जबलपूरची सगळी मुलं तशीच शिकत आणि त्याला ‘कैंची’ म्हणत. तिचे बाबा, गुणवंतराव, कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते मागे मागे चालत आणि सांगत, "मुरमावर हँडल आवळून धरायचं नाही, विनू. आवळलं की चाक घसरतं. आणि चाकाकडं काहून पाहून राहिलीस? ते कुठं पळून नाही जात. जायचं तिकडं पाहा."

मग एकाहत्तर सालचा डिसेंबर आला आणि लढाई सुरू झाली.

कारखान्याला रविवार उरला नाही. बाबांची पाळी सकाळी सुरू होऊन अंधार पडल्यावर सुटू लागली. मोठ्या रस्त्यावर लष्कराच्या ट्रकांची रांग लागलेली असे, म्हणून सायकलवाले सगळे मुरमाच्या वाटेनंच घरी येत. पण आता शहरात अंधार पाळायचा हुकूम होता. शत्रूच्या विमानाला खाली गाव आहे हे कळू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद लावले होते. सायकलच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी रंगवली होती. त्यातून निघणारा उजेड वर जात नसे, पुढच्या चाकासमोर हातभर जमिनीवर सांडायचा, बस. मागच्या मडगार्डवर मात्र सगळ्यांनी पांढरा पट्टा ओढला होता, मागच्याला पुढचा दिसावा म्हणून.

अंधारात यायची त्यांनी एक रीत बसवली होती. सगळे एकामागे एक. सर्वांत पुढच्यानं वाट पाहायची आणि ओरडायचं, "खड्डा." मागचा तेच ओरडायचा, त्याच्या मागचा तेच. असा तो शब्द रांगेच्या शेपटापर्यंत जाई. वळण आलं की "वळण." विनताच्या घरी, बंद खिडकीआडून, ते दुरून ऐकू यायचं. एकच शब्द लहान लहान होत लांब जायचा.

नाल्याचं वळण सगळ्यात वाईट. तिथं वाट एकदम डावीकडं वळे आणि सरळ गेलं की खाली दगडगोटे. पुढं असायचे बळीरामकाका, बाबांचे जोडीदार. एका संध्याकाळी त्यांना वळण अर्धं पाऊल उशिरा कळलं. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत ते नाल्यात गेले आणि त्यांच्या मागोमाग मागचाही गेला. बळीरामकाकांचा हात मोडला आणि त्यांची सायकल विनताच्या ओसरीवर पडून राहिली. दुसऱ्या दिवसापासून रांगेच्या पुढं बाबा आले.

"तुम्हीच काहून?" आईनं विचारलं. आईचं नाव सुनेत्रा. ती फार बोलत नसे, म्हणून तिनं विचारलं की उत्तर द्यावंच लागे.

"कोणीतरी पाहिजे ना. मला वाट पाठ आहे."

"बळीरामभाऊंनाही पाठ होती."

बाबांनी भाजीकडं पाहिलं आणि आणखी एक पोळी मागितली.

विनताला त्या रात्री जेवण गेलं नाही. चंद्र रोज आणखी उशिरा उगवत होता. पाळी सुटायच्या वेळी आभाळ नुसतं काळं असे.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. घरी येताच तिनं न्हाणीघरामागून दिवाळीचा उरलेला चुना काढला, बादलीत कालवला, कुंचा घेतला आणि बादली बळीरामकाकांच्या सायकलच्या हँडलला अडकवून कैंचीनं वळणावर गेली. वाटेच्या कडेला मजुरांनी लावलेले दगड होतेच, नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे. उभ्याउभ्यानं तिनं एकेकाच्या डोक्यावर चुना फासला. वळण झालं तरी बादलीत चुना होता. मग ती पुढच्या सरळ वाटेवरही फासत गेली, कारखान्याच्या दिशेनं, बादली रिकामी होईपर्यंत.

त्या संध्याकाळी बाबा आले ते शीळ घालतच. "कोण्या देवमाणसानं वळणावर चुना मारला," ते आईला म्हणाले. "दगड कसे दातांसारखे चमकत होते. डोळे फाडायचं कामच नाही पडलं."

विनतानं वहीत तोंड खुपसलं. आईनं तिच्या नखांत अडकलेला चुना पाहिला आणि तिच्यापुढं गरम पाण्याचा तांब्या ठेवला.

रविवारी सकाळी दारात शिटी वाजली. भय्यासाहेब आले होते. हे वस्तीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले. अंधार पाळला जातो की नाही हे बघायचं काम सरकारनं त्यांना दिलं होतं. दंडावर पट्टा होता आणि गळ्यात शिटी. ती ते दिवसासुद्धा वाजवत.

"नाल्यावरचे दगड कोणी रंगवले, विनूबाई?"

"मी, आजोबा."

"अच्छा. म्हणजे विमान आलं तर त्याला रस्ता विचारायचं कामच नाही. तू तर दारापासून रांगोळी काढून ठेवली."

विनताला वाटलं, ते थट्टा करत आहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. "माझ्यासोबत चल," ते म्हणाले. विनता सायकल हातात धरून निघाली, कालची बादली आणि कुंचा हँडललाच लटकत होते.

वळणावर एक जुनं जांभळाचं झाड होतं. त्यांनी त्याच्याकडं बोट दाखवलं. "चढता येतं ना? चढ, आणि विमानात बसल्यासारखं खाली पाहा."

विनता सरसर वर गेली. खाली पाहिलं आणि तिचे हात फांदीवर घट्ट झाले. शेतं हिरवी, वाट लाल आणि त्यांच्यामधून दगडांची पांढरी ओळ. कुठंही न चुकता ती ओळ कारखान्याच्या धुराड्याकडं जात होती. कोणी पाटीवर खडूनं रेघ ओढून दाखवावं तशी.

ती खाली उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भय्यासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू चांगल्याच मनानं केलं, मला माहीत आहे. पण संध्याकाळच्या आत हे खरवडून काढावं लागेल, बेटा. कारखान्यात तुझे बाबा आहेत, अन् हजार जणांचे बाबा आहेत."

"आणि वळणाचं काय?"

भय्यासाहेबांनी नाल्याकडं पाहिलं. बळीरामकाकांना बघायला तेही गेले होते. "ते मला नाही सांगता येत," ते म्हणाले आणि पुलियाच्या कठड्यावर जाऊन बसले. पुलिया म्हणजे वळणाला लागून असलेला नाल्यावरचा छोटा पूल.

विनता काथ्या आणायला घरी निघाली. सायकलवर पाय टाकला. कैंचीत डोकं कुठं असतं, ठाऊक आहे ना तुम्हाला? हँडलच्या बरोबरीला, अगदी खाली. रडू येत होतं म्हणून ती चाकाकडं बघू लागली. मग बाबांचं बोलणं आठवलं आणि तिनं जायचं तिकडं पाहिलं.

समोर दगड होते. पण पांढरे नव्हते. तेच दगड, काल तिनंच फासलेले, इथून करडेच दिसत होते. वरच्या कडेला पांढरं एक बोटभर, बाकी सगळा दगड कोरा.

तिनं सायकल थांबवली. मागं वळून झाडाकडं पाहिलं, मग दगडाकडं. विमान वरून बघतं. बाबा बाजूनं येतात. बाबांचा दिवासुद्धा वर जात नाही, जमिनीलगत पडतो. मग चुना दगडाच्या डोक्यावर काहून पाहिजे?

ती उतरली. पहिल्या दगडाला दोन्ही हात लावले आणि त्याला कुशीवर वळवलं. चुन्याचं तोंड वाटेकडं झालं. आभाळाकडं आली ती दगडाची मातकट पाठ.

"अरे, काय करून राहिली?" कठड्यावरून आवाज आला.

"आजोबा, थांबा ना जरा."

तिनं दुसरा वळवला. तिसरा. चौथा जमिनीत रुतलेला होता, हलेना. त्याच्या डोक्यावर तिनं नाल्यातला चिखल थापला आणि बाजूला लावायला चुना शोधला, तर बादलीच्या तळाशी वाळलेला थर होता. त्यात नाल्याचं पाणी घालून तिनं तो कुंच्यानं घोळला. भय्यासाहेब आता कठड्यावरून उठून तिच्यामागं येऊन उभे होते. मग त्यांनी दंडावरचा पट्टा वर सरकवला, धोतर खोचलं आणि एका कलिंगडाएवढ्या दगडाशी बसले.

"हा तुझ्यानं नाही हलायचा," ते म्हणाले. "सरक तिकडं."

ऊन कलेपर्यंत दोघं वळवत राहिले. शेवटी विनता पुन्हा जांभळावर चढली. खाली लाल वाट होती, तिच्या कडेनं मातीच्या रंगाचे दगड होते. पांढरी ओळ पुसून गेली होती.

"काही दिसतं का गं?"

"तुम्ही दिसता. तुमचं धोतर पांढरं आहे."

"चलो, मग मला आधी रंगवा," भय्यासाहेब म्हणाले आणि तिच्या सायकलशेजारी उकिडवे बसून त्यांनी वळणाकडं पाहिलं. तिथून प्रत्येक दगड त्यांच्याकडं पांढरं तोंड करून उभा होता. त्यांनी शिटी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही.

अंधार पडला. घरात कंदिलाची वात बारीक केली होती. आई पोळ्या लाटत होती, पण तिचं लाटणं मध्येच थांबत होतं. विनता खिडकीच्या काळ्या कागदाला कान लावून बसली.

दुरून आवाज आला. "वळण." बाबांचा आवाज, मोकळा, वेळेवर. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. शब्द रांगेतून मागं मागं जात राहिला आणि कुठंही तुटला नाही.

बाबांनी सायकल दाराशी टेकवली. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि विनताकडं बघत राहिले.

"भय्यासाहेब फाटकापाशी भेटले," ते म्हणाले. "देवमाणसाचं नाव सांगितलं त्यांनी." मग म्हणाले, "पुलियापाशीही अंधार असतो, विनू. तिथं दोन्ही बाजूंना खाली नाला आहे, अन् कठडा बुटका."

विनतानं मान डोलावली. ती उठली, न्हाणीघरामागं गेली आणि सकाळपर्यंत कडक होऊ नये म्हणून चुन्याचा कुंचा पाण्यात भिजत घातला.