खर्रा आणणार नाही

पल्लवीच्या गालावर चार बोटं उठली होती, आणि ती मला दाखवायला तिचा बापच तिला घेऊन आला होता. पंजाबरावांनी तिची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"पाहा मॅडम. आजवर पोरीले हात लावला नव्हता. तुमच्यापायी लावा लागला."

मारलं यांनी, आणि गुन्हा माझा. ऑफिसात आणखी चार बाप उभे होते. मुख्याध्यापक टेबलावरच्या कागदांत डोकं खुपसून बसले होते. सगळ्या बापांचं गाऱ्हाणं एकच होतं. नववीतली पोरं सोमवारपासून खर्रा आणायला नाही म्हणतात.

आमच्या गावात खर्रा खातो बाप, पण आणतं लेकरू. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेली ती पुडी आणायला मोठा माणूस स्वतः उठला, तर घरात पोरंबाळं नाहीत की काय, असं शेजारी विचारतात. पाहुणा ओट्यावर टेकला की पाण्याच्या तांब्याआधी पोराला पानठेल्याकडे पिटाळायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. खरं तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

मी इथे एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. तंबाखूमुक्त शाळेचं काम दुसरं कोणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं. केलं सगळं. प्रभातफेरी काढली, फलक लावले, शपथ घेतली, फोटो पाठवले. प्रमाणपत्र आलं, ते फ्रेम होऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लागलं. त्या दिवशी हेच पाच बाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तोंडात खर्रा असल्यामुळे भाषण मात्र कोणाला करता आलं नाही.

मग गेल्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहू नका म्हटलं, तंबाखू पहिल्यांदा कधी चाखला तेवढं लिहा. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. एकतीस चिठ्ठ्यांत जवळपास एकच वाक्य होतं. बाबाचा खर्रा आणताना वाटेत चिमूटभर काढून खाल्ला. कोणी दुसरीत असताना, कोणी चौथीत. मी त्या वाचून दाखवल्या तेव्हा वर्गात कोणी हसलं नाही. पल्लवी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आपन आननंच बंद केलं तं?"

करून बघा, असं मी म्हणाले. सहज म्हणाले, तास संपत आला होता म्हणून. पोरांनी ते सहज घेतलं नाही. मधल्या सुट्टीत एका वहीच्या मागच्या पानावर अठ्ठेचाळीस जणांनी सह्या केल्या. घोषणा नाही, फलक नाही, फोटो नाही. घरी जे म्हणायचं ते फक्त ठरवून घेतलं.

आता ऑफिसात पंजाबरावांचा आवाज चढत होता. ते गावातल्या बुद्धविहाराचे सचिव. दर रविवारी पोरांकडून पंचशील म्हणून घेतात, आणि कोणाचा उच्चार चुकला तर पुन्हा म्हणायला लावतात. माणूस वाईट नाही. दारूच्या थेंबाला शिवलेला नाही आणि पोरीनं शिकावं म्हणून राबतो. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येत होता.

"पाचव्या शीलात दारू हाये," ते म्हणाले. "खर्रा कोठी हाये? दाखवा मले."

मी काही बोलायच्या आत पल्लवी बोलली. आवाज चढवला नाही, मान मात्र वर होती.

"बाबा, तुमी खा. मी आननार नाही."

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. प्रमाणपत्र मिळालंय ना मॅडम, मग आता हे कशाला उकरून काढता, असं त्यांचं म्हणणं. पोरांना समजावून सांगा, नाहीतर जबाबदारी तुमची, तसं लिहून द्या. मी तिथेच कागद घेतला आणि लिहून दिलं की जबाबदारी माझी. ज्या माणसाच्या खुर्चीमागे ती फ्रेम लटकत होती, त्याच्या शर्टाच्या खिशातून पन्नीचं टोक डोकावत होतं.

त्या आठवड्यात गाव बघण्यासारखं होतं. धोतर सावरत, चपला फटफटवत बाप लोक स्वतः लखीरामच्या पानठेल्यावर जात होते. बायका दारातून बघून तोंडाला पदर लावत होत्या. तीन पोरांनी मार खाल्ला, एकाला रात्रीचं जेवण मिळालं नाही, पण एकही जण फुटला नाही. शुक्रवारी वर्गात शिरताना माझी छाती फुगली होती, हे कबूल करते. वाटलं, एकोणीस वर्षांत एक तरी काम झालं.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम ठेल्यावरून घरी निघाले, आणि जे बघितलं त्यानं अंगाची लाही लाही झाली.

लखीरामच्या ठेल्यापुढे दहा-बारा पोरं रांगेत उभी होती. पहिलीतली, दुसरीतली. काहींना ठेल्याच्या फळीपर्यंत हात पुरत नव्हता, म्हणून लखीरामनं खाली एक वीट ठेवली होती. नववीनं नाही म्हटलं ना? मग धाकट्याला पाठवा. धाकट्यानं कुठे सही केली आहे! चार दिवसांत एकाही बापाला खर्रा सोडावासा वाटला नाही, त्यांना फक्त दुसरं लेकरू आठवलं.

अठरा वर्षांखालच्यांना विकणार नाही, हा फलक मीच ठेल्यावर लावून घेतला होता. त्यावर आता राजगिऱ्याच्या लाडवांची माळ लटकत होती. लखीरामनं मला बघितलं आणि घोटता हात थांबवला.

"माह्यावर कायले चिडून राह्यल्या मॅडम? पोट्टं बापाचं नाव सांगते, मी बापाले देतो. पोट्ट्याले कोठी देतो?"

रांगेतून एक पोरगा पुडी घेऊन सुटला, त्याचं मनगट मी धरलं. पल्लवीचा धाकटा भाऊ, आशू. अश्वजित. सहा वर्षांचा. कोणाचा खर्रा, असं विचारलं तर तो घाबरला नाही. उलट त्याची छाती फुगली.

"बाबाचा. ताई जात नाही आता, म्हून मी येतो. बाबा म्हनते, आशूसारखं कोनीच पयत नाही."

मी त्याचं मनगट धरून तशीच उभी राहिले. माझे बाबा मानोऱ्याला एका कचेरीत शिपाई होते. मी त्यांचा खर्रा आणायची. पाहुण्यांसमोर ते घड्याळ बघून सांगायचे, आमची मंजुषा तीन मिनिटांत येते. मी अनवाणी धावायची, कारण चपलेनं वेळ लागायचा. मला दुसरं कोणतंही बक्षीस कधी मिळालं नाही. मी अकरावीत असताना त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हातानं खर्ऱ्याची खूण केली. नुसता गालात धरायचा, हेही खुणेनंच सांगितलं. आणि मी गेले. धावत गेले. आईनं बघितलं, काकांनी बघितलं, कोणी अडवलं नाही. पुढे ते गेले तेव्हाही कोणी मला दोष दिला नाही. याचाच मला राग आहे. दोष द्यायला ते कोणाच्या लक्षात तरी यायला हवं होतं.

भाऊ घरात नाही हे कळल्यावर पल्लवी वर्गातल्या तिघाचौघांना घेऊन पळत आली. तिच्या मागोमाग पंजाबरावही आले, कारण पुडीला उशीर झाला होता. त्यांनी मला बघितलं, आशूचं मनगट माझ्या हातात बघितलं, आणि हात पुढे केला.

"आन इकडं, आशू."

"खाली टाक ते," मी आशूला म्हणाले.

"मॅडम, हा आमच्या घरचा मामला हाये."

त्या क्षणी माझी शाळेतली भाषा गळून पडली.

"मी बी आनला, पंजाबराव. माह्या बापाले. त्याचा जबडा कापून शिवला होता डॉक्टरनं, तरी आनला. पयत जाऊन आनला. बाप मेला, पन आजवर झोपेत मी पयतच हावो."

आशूला यातलं किती कळलं कोण जाणे. मॅडम रडतात एवढंच त्याला दिसलं असेल. त्याची मूठ सुटली आणि पुडी त्याच्या पायाशी धुळीत पडली.

पंजाबराव पुडीकडे बघत राहिले. मी पण बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस वळेल आणि तसाच घरी जाईल. खरंच वाटलं. एकोणीस वर्षं शिकवूनही मला असं वाटू शकतं.

ते वाकले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, सगळ्यांच्या देखत. पुडी उचलली, विजारीवर पुसली आणि खिशात घातली. मुलीकडे न बघता ते आल्या वाटेनं निघून गेले. लखीरामनं पुढच्या पोराला विटेवर चढ म्हणून खुणावलं, तसे पल्लवीबरोबरचे दोघे जण मध्ये जाऊन उभे राहिले.

पल्लवी धुळीत उकिडवी बसली. तिनं आशूचा तळहात उघडून ओढणीनं पुसला. मग नाकाशी नेऊन हुंगला, आणि परत पुसायला लागली.