पाटावरचा हात

"फळी आहे ना रे घरात अजून?" चपला न काढताच बाजीराव शिर्के ओटीवर चढले आणि पेढ्यांचा पुडा त्यांनी बाकावर ठेवला. कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरचे पाय बारा वर्षांत या घराला कधी लागले नव्हते.

"फळी नाय साहेब, पाट हाय," किसन म्हणाला. "माजे आईचा."

"तेच रे. सुरक्षा सप्ताहाच्या फंक्शनला मुंबईहून मोठे साहेब येतायत. म्हणाले, शिर्के, ते कॅलेंडरचं चित्र तुम्ही कसं छापलंत ते सगळ्यांसमोर करून दाखवा. आता मी काय दाखवू, कपाळ? टेन्शन आलंय यार. एका दिवसापुरता दे. तुझं मी बघतो ना पुढे."

चोरी पचवून झाल्यावर चोर आता किल्ली मागायला आला होता. किसनला वाटलं, पुडा उचलावा आणि याच्या तोंडावर मारावा. पण बाजीरावांचा हात दगडाखाली सापडलेला त्याला आज पहिल्यांदाच दिसत होता, आणि असा दगड कोणी घाईने उचलत नाही. "देतो," तो म्हणाला. "पन आठ दिवस जातील. लाकूड सुकलंय, तेल पाजायला लागंल."

बाजीराव हसत हसत गेले. पेढे किसनने कोंबड्यांना घातले.

तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीत किसन पॅकिंग खात्यात ठसे कोरायचा. पोत्यांवर आणि खोक्यांवर मारायचे लाकडी ठसे. उघडी छत्री, वर जाणारा बाण आणि धोक्याची कवटी. बारा वर्षांत त्याने इतक्या कवट्या कोरल्या होत्या की डोळे मिटूनही त्याला त्यांचे दात कोरून काढता आले असते. कोरणं त्याला आवडायचं, कवट्या मात्र आवडत नसत. पण पगार कवट्यांचाच मिळतो.

आई, बायजाबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. जन्मभर ती मिठागरात राबली, आणि तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला पनवेलला जायचं ठरायचं, आणि त्याच दिवशी मीठ ओढायचं निघायचं. ती गेल्यावर तिचा बसायचा सागवानी पाट कोपऱ्यात उभा होता. एका रविवारी तो पुसताना किसनच्या बोटांना लाकडाच्या रेघा लागल्या. मिठागराच्या कोंड्यात, म्हणजे वाफ्यात, साचलेल्या पाण्यावर वारा फिरला की अशाच रेघा उठतात. त्या पाण्यात आई उभी आहे, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याने त्याच दुपारी पटाशी घेतली.

चार महिने तो रोज कामावरून आला की पाट मांडीवर घेऊन बसे. मिठाची रास, लांब दांड्याचं फावडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, आणि वर आईचा चेहरा, उन्हाने बारीक झालेल्या डोळ्यांचा. सगळं उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. मग ठशांची काळी शाई रुळाने फिरवली, पनवेलहून आणलेला जाड कागद अंथरला आणि पितळी वाटीच्या बुडाने घासला. कागद उचलला तेव्हा त्याची बायको दुर्गा चुलीपुढून उठून आली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. सासूसमोर घ्यायची तसाच.

कागद एकच होता. तो त्याने पॅकिंगमधल्या युसुफला दाखवायला नेला, आणि तिथे तो बाजीरावांनी पाहिला. "साहेबांना दाखवतो, नाव होईल तुझं," म्हणाले. जानेवारीत कंपनीचं १९८४ चं कॅलेंडर आलं. वर आई होती आणि आईच्या पायाशी ठळक अक्षरांत 'चित्र : बाजीराव शिर्के'. किसन विचारायला गेला तेव्हा ते म्हणाले, "कोण ऐकणार तुझं? तू ठसेवाला. आणि तो कागद छापखान्यात गेला, आला नाही परत." किसनने घरी येऊन कॅलेंडर फाडलं आणि चुलीत घातलं.

याच बाजीरावांनी, पाच वर्षांपूर्वी करवतीत किसनच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं तेव्हा, 'कामगाराची बेफिकिरी' असा रिपोर्ट लिहिला होता. तो त्याने गिळला होता. बोट त्याचं स्वतःचं होतं. आई गिळता येईना.

आठ दिवसांतले दोन नुसते विचारात गेले. तिसऱ्या दिवशी शेजारी लग्न होतं. नव्या नवरीने तांदळाच्या पिठात हात बुडवले आणि दाराच्या दोन्ही बाजूंना पाच बोटं उठवली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, झालं, आता घर हिचं. किसन ते हात बघत उभाच राहिला. जेवायलाही थांबला नाही.

घरी येऊन त्याने आपला डावा हात कागदावर ठेवून आखला, कागद उलटा करून पाटावर चिकटवला आणि पटाशी लावली. जे कोरावं ते छापताना पांढरं राहतं. हात चांगला पसरून उठायचा तर त्याला जागा एकच होती, मधोमध.

"तिचे तोंडावर येतंय," दुर्गा म्हणाली.

"येऊ दे."

"आदी येक कागद तरी काढून ठेव. नंतर काय हाय आपल्याकं?"

"शाई फॅक्टरीन हाय. मंग काढू."

मग कसला काढणार, चेहरा तर पटाशीखालून भुसा होऊन चालला होता. पण रागाला मागचं-पुढचं दिसत नाही, आणि त्या दिवसांत किसनला फक्त बाजीरावांचं पडलेलं तोंड दिसत होतं. काम झाल्यावर त्याने ताज्या कोरीवात काजळ आणि तेल चोळलं. पाट पुन्हा पहिल्यासारखा काळाकुट्ट झाला, नवं कोरीव नजरेला येईना.

"आदी मारून बघू नका," पाट देताना, रूळ आणि वाटी कशी चालवायची ते दाखवून, त्याने बजावलं. "जुनं लाकूड हाय, येकच कागद नीट देनार."

"अरे, मला कळतं की," बाजीराव म्हणाले.

चार मार्चला कँटीनसमोर मांडव घातला होता. पुढे खुर्च्यांवर साहेबलोक आणि मागे सतरंजीवर कामगार. पांढऱ्या सफारीत बाजीरावांनी रूळ फिरवला, कागद अंथरला, वाटीने घासला. मधे दोन शब्द कलेविषयीही बोलले. मग कागदाची दोन टोकं धरून त्यांनी तो उचलला आणि स्वतः न बघताच लोकांकडे वळवला.

काळ्या मिठागरावर एक पांढरा हात उठला होता. डावा. मधलं बोट अर्धं.

सतरंजीवरून युसुफ उठून उभा राहिला. "आयला, हा तर आपल्या किसनचा हात."

आधी पॅकिंगवाले हसले, मग सगळा मांडव. बाजीरावांनी कागद उलटून पाहिला, आणि त्यांचा चेहरा किसनने मनात आठ दिवस कोरला होता अगदी तसाच झाला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "किसन कोण?" किसनने उभं राहून डावा हात वर केला. साहेबांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. त्यांना सांगावं लागलं नाही. बाजीराव "सर, मी एक्सप्लेन करतो" म्हणत राहिले आणि कोणी ऐकलं नाही. किसनला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं.

"चित्र तुझं आहे तर," साहेब म्हणाले. "ही बाई कोण?"

"माजी आई."

"मग तिचा चेहरा कुठाय?"

किसनने वर केलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. तो खाली घ्यायचंही त्याला सुचेना.

महिन्याभरात बाजीरावांना दूरच्या गोदामात टाकलं. ती बातमी ऐकून किसनला काहीच झालं नाही. तो युसुफच्या घरी गेला आणि त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागू लागला. वर्ष संपायला अजून नऊ महिने होते, पण युसुफने न विचारता खिळ्यावरून काढून दिलं. त्याच्या बायकोने, खैरुन्निसाने, ओल्या फडक्याने वरची धूळ पुसली.

घरी किसनने कात्री घेतली. नाव कापून टाकायचं होतं. पण छापखानेवाल्याने ते आईच्या पावलांना चिकटूनच आडवं छापलं होतं. नाव कापावं तर पाय जात होते. त्याने कात्री खाली ठेवली.

"काळं फास त्याला," दुर्गा म्हणाली.

"नको. ऱ्हाऊ दे. तिचे पायाखाली हाय तो."

त्याने कॅलेंडर भिंतीला लावलं. मांडवातून परत आणलेला पाट भिंतीकडे तोंड करून उभा ठेवला. दुर्गाने ताट वाढलं, तेव्हा तो नुसत्या जमिनीवर बसून जेवला.