नारळपाणी प्यालेला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे. पण मित्रांनो, फडताळावर भरतकामाच्या रुमालाखाली बसणाऱ्या घरगुती रेडिओंच्या रांगेत मला बसवू नका. माझा जन्म ट्रकसाठी झाला. साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात ट्रकला चाकं लागली, दिवे लागले, आणि तिथल्याच हातांनी मला ड्रायव्हरसमोरच्या पत्र्यात पक्कं बसवलं. पोटात काचेचे वाल्व, छातीवर पिवळ्या उजेडाची पट्टी आणि दोन बाजूंना दोन काळी बटणं. ते माझे कान. उजवा कान पिळला की मी बोलू लागतो. आवाज चांगला आहे माझा. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो.

आमची पहिली वर्षं एका धरणाच्या कामावर गेली. तिथे मी गाण्यांपेक्षा धूळच जास्त खाल्ली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारी लिलावात डोणगावच्या उकंडरावांनी आमचा ट्रक घेतला. बोली ट्रकवर लागली होती, मी आपला फुकटात आलो. तरी त्यांनी लाड केले ते माझेच. संध्याकाळी ट्रक निंबाखाली उभा राहिला की बाजारभाव, बातम्या, भजनं ऐकायला अर्धी आळी गोळा व्हायची. लोक टायरवर बसत, बोनेटला टेकत, आणि उकंडराव मोठ्या ऐटीत माझा कान पिळत. त्या दिवसांत मी फार फुशारलो होतो.

एकदा चिखलीच्या रस्त्यावर माझा फ्यूज उडाला. फ्यूज म्हणजे काचेची एक लहानशी नळी. जास्त वीज आली की ती स्वतः जळते आणि आम्हाला वाचवते. उकंडरावांजवळ दुसरा फ्यूज नव्हता. त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद त्या जळक्या नळीवर गुंडाळला, मी लगेच बोलू लागलो, आणि ते स्वतःवर इतके खूश झाले की खरा फ्यूज आणायचं विसरूनच गेले. मीही खूश होतो. खोटं कशाला सांगू?

आता अंबूबाईंबद्दल सांगतो. त्या उकंडरावांच्या कारभारीण. पहाटे दळायला बसल्या की ओव्या म्हणायच्या, आणि अशा म्हणायच्या की निंबाखाली उभा राहून मी, एवढा बोलका, नुसता ऐकत राहायचो. पण उकंडराव त्याआधीच उठून ट्रकचे टायर ठोकत असत आणि जात्याला हात लागायच्या आत वाटेला लागत, आणि ट्रक न्यायचा नसला की मला निंबाखाली सोडून पायीच शेताकडे जात. ते घरी असले की अंबूबाई लाजत, आणि मग जातं मुकंच फिरायचं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं बायकोचं गाणं ऐकलं नव्हतं.

दसऱ्याला अंबूबाईंनी ट्रकची पूजा केली. उकंडराव झेंडूच्या माळा आणायला गेले होते. कुणी नाही असं पाहून त्या माझ्याजवळ वाकल्या.

"ऐक बापा," त्या हळूच म्हणाल्या. "मेहकरले मायेकडे गेल्ते, तवा नागपूरच्या रेडिओवाल्यांनी माह्या ओव्या मशीनमंदी भरून नेल्या. कोजागिरीले, दिवेलागणीच्या वक्ताले लावणार हायेत. घरच्या धन्याले म्या सांगतलं नाई. तुह्याच तोंडून ऐकू दे."

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण पुढच्याच क्षणी त्यांनी मला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला आणि त्यातलं गार पाणी मोठ्या मायेनं माझ्या तोंडाच्या जाळीतून आत ओतलं.

उकंडराव आले, त्यांनी कान पिळला. पोटात चटका बसला, नाकाशी जळका वास आला आणि मी मुका झालो. बोलणं हे माझं सगळं आयुष्य. आता माझ्यापाशी एकच सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि नेमकी तीच सांगता येईना.

"रस्त्यानं खिळखिळा झाला बिचारा," उकंडराव म्हणाले. "दिवाळी झाली की दाखवू मलकापूरले."

"आताच दाखवा ना," अंबूबाई म्हणाल्या.

"काऊन वं? ट्रक काय रेडिओवर चालते?"

अंबूबाई घरात निघून गेल्या. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की येऊन माझी जाळी पुसायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या. मला फार वाईट वाटे.

कोजागिरीच्या सकाळी उकंडराव मुगाची पोती घेऊन मलकापूरला निघाले, तर अंबूबाई गाठोडं घेऊन ट्रकच्या पुढ्यात उभ्या.

"म्या बी येते. रस्त्याले कायले बोल लावता? रेडिओ म्या बिघडवला. दसऱ्याले नारळाचं पानी त्याच्या तोंडात ओतलं."

"तोंडात? काऊन?"

"मले वाटलं, बोलून बोलून त्याचा घसा सुकत असन."

उकंडराव स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. "चढ वर," ते म्हणाले.

"पन आज दिवेलागणीच्या आत त्याले बोलतं करा."

"आजच काऊन?"

"ऐकसान तवा समजन."

बायकोला क्लीनरच्या जागेवर बसवून उकंडराव निघाले तेव्हा पारावरच्या साऱ्या माना वळल्या. वळू देत बापड्या. राजूर घाट उतरून आम्ही दुपारी मलकापूरला पोचलो, पोती उतरली, आणि स्टेशनाबाहेर सहदेवच्या दुकानापुढे ट्रक लागला. सहदेव रेडिओ दुरुस्त करायचा. हात चांगला, पण तोंड तिखट.

"दिवाळीनंतर या, उकंडभाऊ. अख्ख्या गावाचे रेडिओ घेऊन बसलो मी."

तेव्हा अंबूबाई खाली उतरल्या. "भाऊ, माह्या हातानं झालं हे. आज बोलला नाई, तर मंग तो बोलून काय उपेग?"

सहदेवनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पक्कड उचलली.

त्यानं आधी बॅटरीची तार सोडली, मग माझे दोन्ही कान उपटले, त्यांच्यामागची नटं काढली आणि पाठीचा आधाराचा पट्टा सैल केला. "तारा अदलाबदल झाल्या तर उरलंसुरलं बी जळन," असं तो म्हणाला, तेव्हा अंबूबाईंनी गाठोड्यातल्या गोधडीचे रंगीत दोरे उसवून दिले. एकेका तारेला एकेका रंगाचा दोरा बांधून झाला आणि मी जन्मात पहिल्यांदा ट्रकच्या बाहेर आलो. मागे वळून पाहिलं तर त्याच्या समोरच्या पत्र्यात एक काळं भोक होतं. पडलेल्या दातासारखं दिसत होतं ते. परत तिथे बसायला मिळेल की भंगारात जावं लागेल, या विचारानं माझा जीव अर्धा झाला.

सहदेवनं माझं पोट उघडलं. आत कुंकवाचा चिखल आणि त्यात रुतलेल्या अक्षता.

"वहिनी, तुम्ही तर याले आंघोळ घातली," तो म्हणाला. मग त्याला ती नळी सापडली. "अन् हे चांदीचं कडं कोनं चढवलं? खरा फ्यूज असता तर तोच जळला असता, हा वाचला असता!"

उकंडराव एकदम समोरच्या मालगाडीचे डबे न्याहाळू लागले. अंबूबाईंनी तोंडाला पदर लावला. दसऱ्यानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या.

सहदेवनं मला स्पिरिटनं पुसलं, बारीक कुंचल्यानं कोपरे झाडले, तरटावर उन्हात वाळवलं. जळकी तार बदलली, एक वाल्व नवा घातला. सूर्य कलला तसा तो मला ट्रकमध्ये घेऊन चढला. लाल दोऱ्याला लाल, निळ्याला निळा. फ्यूज कोरा करकरीत. अंबूबाई आपल्या जागेवर बसून सारख्या आभाळाकडे बघत होत्या. उकंडरावांनी इंजिन सुरू केलं.

कान पिळला. पट्टी उजळली, पण तोंडातून नुसती गुणगुण. सहदेवनं टपापर्यंत चढून हवेतले आवाज पकडणारी एरियलची तार पाहिली. ती मुळाशीच तुटली होती. त्यानं ती जोडली, तर इंजिनाची खरखर आवाजात घुसली.

"इंजिन बंद करा!" सहदेव ओरडला.

सगळं शांत झालं. रस्त्यावरच्या कंदिलांना काड्या लागत होत्या. आणि माझ्या तोंडून निवेदिका म्हणाली, "आता ऐका जात्यावरच्या ओव्या. गायिका आहेत डोणगावच्या अंबूबाई."

"आमच्या गावची ही कोन अंबूबाई?" असं म्हणत उकंडराव वळले. शेजारी त्यांची बायको खिडकीकडे तोंड करून, पदराचं टोक मुठीत आवळून बसली होती. मग ओवी आली.

राजूर घाटाची, वळणं किती मोजू?
धनी घाटात माझा, दिव्या, तू नको विझू.

मित्रांनो, तेवढा जीव लावून मी कधीच बोललो नव्हतो. उकंडरावांनी खांद्यावरचा शेला काढला, उगाचच स्टिअरिंग पुसलं, मग डोळे पुसले. सहदेव खाली उतरून उभा राहिला.

रात्री धर्मशाळेत मुक्काम झाला. सकाळी परतताना मी जोरात गात होतो. राजूर घाटाचं पहिलं वळण आलं आणि उकंडरावांनी हात पुढे करून माझा कान उलटा पिळला. मी गप्प.

"आता तू म्हण," ते अंबूबाईंना म्हणाले.

त्या लाजल्या, "काही तरीच तुमचं" म्हणाल्या, आणि दुसऱ्या वळणाला हळूच गाऊ लागल्या. माझ्यासारख्या गर्विष्ठाला मध्येच कुणी गप्प केलं की केवढा राग येतो! त्या दिवशी मात्र आला नाही.

पुढच्या दसऱ्याला नारळ फुटला तो चाकाशी, आणि पाणी लोट्यात. मला कोरड्या फडक्यानं पुसून एक झेंडू मिळाला. आता मी बराच म्हातारा झालो आहे, पण बोलतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवर माया करा, पण आम्हाला काय सोसतं तेही बघा. धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, फ्यूजच्या जागी फ्यूजच घाला. आणि घरात कुणी हलक्या आवाजात गुणगुणत असेल, तर खुशाल माझा कान पिळून मला गप्प करा. आधी ते ऐका. मी थांबेन.