बत्तीस दातांचा सत्कार

"माणसाचं चारित्र्य त्याच्या दातांत असतं. ज्याला स्वतःच्या दातांनी चावता येत नाही, त्याला स्वतःचं मत असूच शकत नाही!" असं दशरथ नाचणे यांनी आमच्या कट्ट्यावर जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या डाव्या गालात एक लवंग होती. ती तिथे काय करतेय, हे मात्र त्यांनी जाहीर केलं नाही.

कट्टा म्हणजे मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरची फरशी. संध्याकाळी तिथे आम्ही चारपाच म्हातारे आणि विमलाबाई बसतो. दशरथराव सोडून बाकी सगळे कवळीवाले. ही गोष्ट त्यांना आमच्या एकूण अधःपतनाचा पुरावा वाटे. भाजलेल्या चण्यांची पुडी आणायची, स्वतः कडाकडा चावायचे, पुडी आमच्या नाकासमोरून फिरवायची आणि परत खिशात.

"तुम्ही आपला वास घ्या."

"अहो, मी चणे खातो की," बाबाजी घाडी एकदा म्हणाले.

"तुम्ही नाही खात, बाबाजी. ते तुमचं प्लास्टिक खातं. तुम्ही फक्त गिळता."

हा तुच्छतेचा व्यवसाय त्यांनी इतकी वर्षं इमानेइतबारे चालवला की अखेर त्याला राजाश्रय मिळाला. आमच्या भागातल्या एका होऊ घातलेल्या नगरसेवकाला सत्कार करायला कुणीतरी हवंच होतं. नाक्यावर बॅनर लागला. बॅनरभर नगरसेवकाचा चेहरा, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढे दशरथराव. शेजारी ओळ : ‘वय ७४, दात ३२, सर्व अस्सल!’ रविवारी शाल, श्रीफळ आणि आमदारांच्या प्रतिनिधीचे प्रतिनिधी.

"येता-जाता बघत जा," दशरथराव आम्हाला म्हणाले. "काहीतरी शिकाल."

आणि त्याच आठवड्यात दाढेने दगा दिला. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, गाल पुरीसारखा फुगला. रविवारच्या आत दाढ काढायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं.

मीरा रोडला दर दोन इमारतींमागे दातांचा एक दवाखाना आहे. पण तिथे जाणं म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकण्यासारखंच. म्हणून आमच्याकडचा शहाणा माणूस दातांसाठी गुपचूप भाईंदरला जातो. केबिन रोडला, फरसाणवाल्याच्या वरच्या माळ्यावर उत्तनच्या डॉक्टर केली बोर्जीस बसतात. तिथे आपल्याला कुणी कुत्रं ओळखत नाही. हा शोध आम्ही प्रत्येकाने स्वतंत्रपणे लावला होता आणि प्रत्येकाला त्याचा मनातून अभिमान होता.

गुरुवारी दुपारी मी माझी खालची कवळी घासून घ्यायला गेलो, तर बाकावर बाबाजी.

"इथे लाइटबिल भरतात का हो?" त्यांनी मलाच विचारलं.

"मीही तेच बघतोय," मी म्हणालो आणि शेजारी बसलो.

थोड्या वेळाने विमलाबाई आल्या. आम्हाला बघून "लिफ्टचं बटण चुकलं वाटतं" म्हणाल्या. त्या इमारतीला लिफ्ट नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली आणि एप्रिलच्या उकाड्यात डोक्याला मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ आत शिरले. दवाखान्यात एकच गुजराती पेपर होता. तो आम्ही तिघांनी तत्परतेने वाटून घेतला. गुजराती एकालाही येत नाही.

"नाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"राघो शर्मा," दशरथराव म्हणाले. "हमको दाढ निकालने का है. जरा जल्दी करके."

परप्रांतीयांवर रोज तासभर बोलणारे दशरथराव लपायची वेळ आल्यावर त्यांच्यातच जाऊन लपले, याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे असंच चालतं.

आतल्या खोलीला पार्टिशन होतं, पण ते छतापर्यंत पोचत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज स्वच्छ आला. "आ करा, काका. तुम्ही बॅनरवरचे नाचणेकाका ना?"

"हळू बोला हो!" शर्माजी मराठीत आले. "ही एक काढली तरी एकतीस राहतात. एकाने काय फरक पडतो? फक्त कुणाला सांगू नका."

चमच्यासारखं काहीतरी दातांवर टकटक वाजत गेलं.

"काका, बत्तीस कुठे हायत? तुमच्या अक्कलदाढा आल्याच न्हाय. चारीच्या चारी. अठ्ठावीस होते. आता सत्तावीस होतील."

इकडे पेपरची तिन्ही पानं खाली आली. विमलाबाई अशा हसल्या की वरची कवळी सुटली. ती त्यांनी सवयीने हातात झेलली.

"कधीच आल्या नाहीत?" आतून अगदी बारीक आवाज.

"न्हाय. कुणी मोजले होते?"

कुणीच मोजले नव्हते. ना दशरथरावांनी, ना नगरसेवकाने, ना आम्ही. इतकी वर्षं आम्ही एका न मोजलेल्या तोंडासमोर मान खाली घालून बसलो होतो.

त्यानंतर "आई गं" ऐकू आलं. मग "अजून एक इंजेक्शन द्या." मग बशीत काहीतरी टण्णकन पडलं.

दशरथराव बाहेर आले ते मफलर हातात, तोंडात कापसाचा बोळा आणि मागून डॉक्टरीणबाईंची ताकीद, "तासभर बोलायचं न्हाय, काका!" समोर आम्ही. पळायला एकच जिना, आणि त्याच्या तोंडाशी बाबाजींनी पाय पसरलेले.

"या, शर्माजी," बाबाजी म्हणाले. "बसा. चणे आणू का खालून?"

"बॅनर उतरवू नका हं," विमलाबाई म्हणाल्या. "आकडा तेवढा खोडून घ्या. फोटोत तुमचं तोंड मिटलेलंच आहे. आयुष्यात एकदाच मिटलंत, ते कामाला आलं."

मीही मागे राहिलो नाही. "तुमच्याच हिशेबाने चारित्र्य जन्मापासून चार दाढा कमी," मी म्हणालो. "एवढ्या कमी मालावर इतकी वर्षं दुकान चालवलंत, याचा खरं तर सत्कार व्हायला हवा."

आमच्याकडे साठलेलं पुष्कळ होतं. आम्ही आळीपाळीने बोललो. इतका चांगला श्रोता आम्हाला कधी मिळाला नव्हता. दशरथरावांचा बधिर ओठ एका बाजूला लोंबत होता आणि डोळे एकेकावरून फिरत होते. अखेर त्यांनी हात वर केला, डॉक्टरीणबाईंचा हुकूम मोडून बोळा बाहेर काढला आणि छाती भरून श्वास घेतला.

आम्ही सावरून बसलो. आता काय निघेल ते निघेल.

"घरी सूनबाईला कुणीतरी फोन करा ना," ते म्हणाले. "पेज टाक म्हणावं. मऊ."