गावाकडे, रानाकडे

मित्रांनो, टेकडी उतरून खाली आलात की जिथे वाटेला फाटा फुटतो, तिथे मी उभा आहे. मी एक जुना लाकडी खांब. मला दोन हात आहेत. एकावर 'गावाकडे' असं कोरलं आहे, दुसऱ्यावर 'रानाकडे'. जन्मभरात बोलायला मला एवढे दोनच शब्द मिळाले, आणि तेही मी चुकीचे बोललो.

माझा जन्म त्या रानातच झाला. फार जुनं रान आहे ते. एकेक झाड इतकं म्हातारं, की ढोलीत उभं राहून माणसाने पाऊस चुकवावा. आत भर दुपारीही संध्याकाळच असते, आणि वाट थोडी पुढे जाऊन पाचोळ्यात नाहीशी होते. एका वादळात माझं झाड आडवं झालं. लोक कुऱ्हाडी घेऊन आले, तेव्हा गावचे सुतार पुढे झाले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी बुंध्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "हे जळणात घालायचं लाकूड नाही. मला द्या."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मला घडवलं. मिस्त्रींची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांची लेक, दोघंच. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून भुशातच बसायची आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची.

"बाबा, एवढी मोठी अक्षरं कशाला?"

"चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता आली पाहिजेत."

"आणि अंधार पडला तर?"

"तर बोटांनी वाचेल. म्हणून तर खोल कोरतोय."

दोन्ही हातांवर, दोन्ही बाजूंनी, त्यांनी पटाशीने अक्षरं कोरली. मग मला फाट्यावर रोवलं, दोन पावलं मागे झाले आणि मोठ्याने वाचलं. गावाकडचा हात शेतांतून जाणारी वाट दाखवत होता, रानाकडचा हात रानाची. मिस्त्री खूश झाले. मी तर हवेतच होतो.

ते माझे सुखाचे दिवस. लांबून लांबून माणसं टेकड्या हिंडायला येत. काठ्या टेकत येणारी म्हातारी जोडपी, शाळेच्या सहली, नुकती लग्नं झालेली मंडळी. पोरं माझ्या हातांना लोंबकळायची. "बरं झालं बाई, खांब आहे," असं कुणी म्हणालं की माझी छाती फुगायची. दर वर्षी मिस्त्री जवसाचं तेल आणि फडकं घेऊन यायचे आणि मला अंगभर चोळायचे.

गावातली माणसं मात्र मला कधीच वाचत नसत. त्यांना वाट पायपाठ होती. माझ्या अंगाला टेकून ती चपलेतला खडा काढत, माझ्या हाताला पिशवी अडकवून गप्पा मारत, आणि वर न बघता चालू लागत. मला त्याचं वाईटही वाटत नसे. आता वाटतं.

मिस्त्री थकले, तेल थांबलं. माझ्या अंगावर शेवाळ चढलं, बुंधा जमिनीलगत कुजला. एके दिवशी चाऱ्याची ट्रॉली मागे घेताना ट्रॅक्टरवाल्याचा धक्का लागला आणि मी कोसळलो. माणूस भला होता. मला तसंच टाकून तो जाऊ शकला असता. पण तो खाली उतरला, कुजलेला भाग तोडला, खड्डा खोल केला, मला उभं केलं, दगड ठोकून बसवले. एकीकडे त्याचं फोनवर चालूच होतं, "हो रे, निघालोच. पोचतोच बघ." मला त्याने उलटं बसवलं होतं. माझा गावाकडचा हात आता रानाकडे होता आणि रानाकडचा गावाकडे. जन्मापासून त्या वाटेवर चालणाऱ्या माणसाला खांब वाचून बघायचं सुचणार तरी कसं?

मला वाटलं, आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल. दूधवाला रोज जायचा. शेतकरी यायचे, जायचे. बाहेरगावचं एक जोडपं माझ्यावर विसंबून रानात शिरलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत आलं. "आपणच नीट वाचलं नसेल," असं म्हणत, हसत निघून गेलं. गावात कुणाला सांगायची तसदी त्यांनी घेतली नाही.

याच सुमारास मिस्त्रींना विसर पडायला लागला. आधी हत्यारांची नावं गेली, मग जेवलो की नाही तेही आठवेना. लेक आता मोठी बाई झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दुपारी मशीन बंद करून ती त्यांना टेकडीपर्यंत फिरवून आणायची. एकदा माझ्यापाशीच दोघांची वादावादी झाली.

"मी काय कुकुलं बाळ आहे?" मिस्त्री म्हणाले. "मला एकट्याला फिरू दे."

"आणि चुकलात म्हणजे?"

"या वाटेवर? वेडी का काय तू!"

तिने त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बरं. पण उतरून इथे आलात की खांब वाचायचा. 'गावाकडे' लिहिलंय तिकडे यायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कबूल?"

"माझाच खांब मला शिकवतेस होय," म्हणत ते हसले, पण कबूल झाले. तिचा हात माझ्या अक्षरांवर होता आणि डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. अगं, एकदा वर बघ, असं मला तिला ओरडून सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटे आले. टेकडीवरून उतरले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. ते फाट्यावर आले आणि न थांबता शेतांच्या वाटेला लागले. घराकडे. मित्रांनो, त्यांच्या पायांना सगळं आठवत होतं. थोडं गेल्यावर ते एकदम थबकले. लेकीला दिलेला शब्द त्यांना आठवला. ते परत फिरले, माझ्यापाशी आले आणि 'गावाकडे'वरून हळूहळू बोट फिरवलं.

"अक्षर माझंच," असं पुटपुटून ते रानात गेले.

संध्याकाळी माणसं हाका मारत आली आणि माझ्यावरून पुढे टेकडीवर गेली. लेक म्हणत होती, "फाट्यापर्यंत आले असते तर घरी पोचलेच असते. खांब आहे ना तिथे. ते वरच कुठेतरी पडलेत." पावसात सगळी टेकडी पालथी घातली. रानात कुणी पाऊल टाकलं नाही.

सकाळी ती एकटीच खाली आली. तिने माझ्या हातावर कपाळ टेकवलं, आणि डोळे उघडले तेव्हा अक्षरं अगदी समोर होती. 'रानाकडे'. तो हात तिच्या घराकडे रोखलेला होता. तिने दुसराही हात वाचला, मग रानाकडे पळत सुटली.

मिस्त्री एका ढोलीत बसलेले सापडले. पाऊस चुकला होता, थंडी चुकली नव्हती. गावकऱ्यांनी झोळीत घालून त्यांना माझ्यासमोरून नेलं. माझ्यावर नजर जाताच ते म्हणाले, "खांब बरोबर आहे गं. मीच कुठेतरी चुकलो."

"नाही बाबा, खांब..." एवढं बोलून तिने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. त्याच आठवड्यात ते गेले.

नंतर ट्रॅक्टरवाला पहार घेऊन आला. ती आधीच माझ्यापाशी बसलेली होती.

"ताई, सरळ करतो," तो खाली मान घालून म्हणाला.

"आता कुणासाठी?" ती म्हणाली.

तो पहार घेऊन परत गेला. तिने दुकान बंद केलं आणि गाव सोडलं. मला हात लावायचा तर झालेलं सगळं बोलावं लागेल, म्हणून गावातलं कुणीच हात लावत नाही. काटेरी झुडपं माझ्या कमरेपर्यंत आली आहेत. मी अजून तसाच उलटा उभा आहे.

मित्रांनो, पडलेलं काही उभं केलंत, तर मिस्त्रींसारखे दोन पावलं मागे व्हा आणि एकदा वाचून बघा. आणि कधी ही टेकडी उतरून आलात, तर माझी अक्षरं वाचू नका. ती अजून बोटांनीही लागतात, इतकी खोल आहेत. कुणी भेटलं तर त्याला विचारा. कुणीच नसेल तर पाय नेतील तिकडे जा. मिस्त्रींचे पाय बरोबर निघाले होते.