विझवलेली गाडी

आमच्या फेस्टसला विचार करण्याआधी धावायची खोड. बायको म्हणून सांगते, पंधरा वर्षांत ती काही गेली नाही.

बार्टली हा पत्र्याची भांडी घडवणारा भटक्या. दर वसंतात तो आणि त्याची बायको विनी घोड्याची गाडी घेऊन आमच्या चौकात उतरत. तो गावाच्या बादल्यांना डाग द्यायचा, ती दारोदार सुया-दोरे विकायची आणि जाताना चिमूटभर चहा मागून न्यायची. ती गोल छताची गाडी हेच त्यांचं घर. यंदा विनी त्याच गाडीत छातीच्या दुखण्यानं गेली.

तिला आमच्याच चर्चच्या आवारात मूठमाती देऊन आम्ही घरी टेकतो न टेकतो तोच चौकात धूर दिसला.

"बार्टलीची गाडी पेटली! बादल्या आणा रे!" फेस्टस ओरडत सुटला. अख्खा गाव ओढ्यापासून रांगेत उभा राहिला. आग विझली.

"वाचलं बाबा तुझं घर!" फेस्टस धापा टाकत म्हणाला.

बार्टलीनं मान वर केली नाही. "मालक, मीच पेटवली होती."

"डोकं फिरलं का तुझं?"

"आमच्यात माणूस गेलं की त्याचं घर, अंथरूण, कपबशी, सगळं जाळतात. नाहीतर जीव त्यातच घुटमळतो. आता माझी विनी ना इथली ना तिथली."

लोकांनी बादल्या खाली ठेवल्या. आमचा शेजारी पीडर मात्र पुटपुटला, "एवढी चांगली गाडी! मला दे, कोंबड्या ठेवीन."

"तुझ्या गेलेल्या आईच्या खाटेवर ठेव कोंबड्या," मी म्हटलं. माझं डोकंच फिरलं होतं.

गाडी पुन्हा पेटवायला फेस्टसनं शरमेनं भारेच्या भारे गवत आणलं. ते भक्कन जळून गेलं. भिजलेल्या फळ्या नुसत्या धुमसत राहिल्या. सुकं लाकूड हवं होतं, आणि आमच्या माळावर झाड औषधालाही नाही. चुलीत आम्ही दलदलीतली, कुजलेल्या गवता-मुळांची माती वाळवून जाळतो. सुकं लाकूड म्हणजे घरातलं सामान.

मी घरी गेले. माळ्यावरून पाळणा उतरवला आणि एकटीनं उचलून चौकात आणला.

फेस्टस पांढराफटक पडला. "डेलिया, तो नको."

"कुणाचा आहे, बाई?" बार्टलीनं विचारलं.

"आमच्या नोरीनचा. सात महिन्यांची होऊन गेली. सहा वर्षं झाली."

बार्टलीनं टोपी काढली. "मागाहून हळहळाल. नीट विचार करा."

"सहा वर्षं दुसरं काय केलं?"

त्यानं पाळण्याला हात लावला नाही. "मग तुमच्याच हातांनी ठेवा," म्हणाला. एक बाजू मी धरली. दुसरी धरायला बराच वेळ कुणी आलं नाही. मग फेस्टस आला.

फळ्या धडाडून पेटल्या. बार्टलीनं विनीला हाक मारली, एकदाच. आणि नोरीन गेल्यापासून जो माणूस घरात तिचं नाव काढू देत नव्हता, त्यानं भर चौकात, सगळ्या गावासमोर, तिच्या नावानं हंबरडा फोडला.